वर नायटा, खाली गजकर्ण

इस्त्रीवाल्या आत्या म्हणजे सगळ्या गल्लीच्याच आत्या. खरं तर त्या एकाच माणसाच्या आत्या होत्या, पण तो लहानपणी दुकानाच्या पायरीवर बसून दिवसभर इतक्या मोठ्यांदा "आत्या, आत्या" करायचा की गिऱ्हाइकांनीही तेच उचललं. त्याचं नाव ढब्या. आता तो लिफ्ट दुरुस्त करतो, अंगाने पार वाळलाय, लग्न होऊन बाप झालाय, तरी नाव काही सुटलं नाही. भाऊ-वहिनी पाठोपाठ गेले तेव्हा ढब्या पहिलीत होता. आत्यांनी स्वतःच्या लग्नाचा विषय तिथेच मिटवला, तळमजल्याच्या जागेत पुढे दुकान आणि मागे बिऱ्हाड थाटलं, आणि लोकांच्या कपड्यांना इस्त्री करकरून पोराला मोठं केलं. हे त्या कुणाला सांगत बसत नाहीत. त्यात सांगण्यासारखं काय आहे, असं त्यांचं म्हणणं.

ढब्याचं लग्न झालं तेव्हा वरच्या दोन खोल्या त्याला आणि सुनेला दिल्या. सून चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. हुशार, टापटीप, आणि जिभेला जरा धार. आत्यांची जीभही काही बोथट नाही, त्यामुळे दोघींचं पहिल्या दिवसापासून जमलं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून कुणाला वाटायचं, झालं, आली सासू-सुनेची नेहमीची कटकट. तसं नव्हतं ते.

दिवस भरत आले तशी सुनेची कंबर धरायला लागली. उठताना धरायची, बसताना धरायची, दुकानात उभं राहून अक्षरांचा तक्ता दाखवताना तर जीव नकोसा व्हायचा. मग रोज संध्याकाळी आत्या दुकानाची फळी लावून वर जायच्या. तिला कुशीवर निजवायचं, तेल कोमट करायचं, आणि कमरेवर हात चालवायचा. बोटांनी नाही हं. इस्त्रीची मूठ धरून धरून आत्यांची बोटं आखडलेली. त्या कोपरापासून मनगटापर्यंतचा आख्खा हात आडवा टेकवायच्या आणि अंगाचं वजन त्यावर टाकून चादरीवर इस्त्री फिरवावी तसा फिरवायच्या.

"आत्या, तुमच्या हातात काहीतरी आहे बाई," सून डोळे मिटून म्हणायची.

"हातात काही नाही. उभा जन्म पडदे आणि चादरी दाबण्यात गेलाय. त्यामानाने तू म्हणजे उशीचा अभ्राच." मग हात थांबवून त्या विचारायच्या, "इथे खरखरीत काय लागतंय गं?"

"घामोळं असेल. नाडी काचते."

"नाडी सैल बांधत जा," म्हणून आत्या पुढे चोळायला लागायच्या. बोलणं तेवढ्यावर राहायचं.

मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आणली त्या दिवशी आत्यांनी दुकान उघडलंच नाही. ढब्याने जिन्याच्या पायथ्याशी गाठोडं त्यांच्या हातात ठेवलं आणि आत्या ते घेऊन एकेक पायरी जपून चढल्या. पोर इतकी हलकी होती की आपण नुसतं दुपटंच तर नेत नाही ना, म्हणून त्यांनी मधल्या पायरीवर थांबून तोंड उघडं करून पाहिलं. तिने जांभई दिली. आत्यांनी तिथल्या तिथे तिला ठमी म्हणून टाकलं, आणि कुणी काही म्हणायच्या आत ते नाव पक्कं झालं. त्या दिवशी त्यांनी तिला घेतलं ते घेतलं. मग पुढे बरेच दिवस त्यांना ती मिळाली नाही, आणि ती का मिळाली नाही त्याचीच ही गोष्ट.

झालं असं की दोन-चार दिवसांनी आत्यांच्या उजव्या हाताला, आतल्या बाजूला, कोपराच्या खाली एक चट्टा उठला. आधी वाटलं इस्त्रीची वाफ लागली. पण भाजलेलं दुखतं, हे खाजत होतं. बघता बघता तो चांगला गोल झाला. कडा लाल आणि वर उचललेली, आतलं कातडं जवळजवळ साफ. बांगडी दाबून उठवल्यासारखा. आत्यांनी दुर्लक्ष केलं. स्वतःच्या अंगावरच्या गोष्टींकडे दुर्लक्ष करण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

दुर्लक्ष केलं नाही ते विहीणबाईंनी. सुनेच्या आई दोन गल्ल्या पलीकडे राहायच्या. एका दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसून त्यांनी वर्षानुवर्षं लोकांना नंबर दिले होते, आणि एवढी वर्षं डॉक्टरांच्या दारात काढल्यावर माणूस अर्धा डॉक्टर होतोच, अशी त्यांची खात्री होती. उरलेला अर्धा त्या आवाजाने भरून काढायच्या. बाई मनाने वाईट नव्हती. लेकीच्या बाळंतपणात राबराब राबली. पण एकदा त्यांनी एखादी गोष्ट ठरवली की ठरली, मग तिथे प्रत्यक्ष डॉक्टर आला तरी त्याला नंबर लावूनच यावं लागलं असतं.

एक दिवस सुनेने त्यांना कमरेचं घामोळं दाखवलं. विहीणबाईंनी चष्मा वर केला, खाली केला. कमरेला एक पसरट, फिक्कट लालसर पट्टा होता, कडेला थोडा खवलट. पदराच्या गाठीतून वस्तू काढावी तशी त्यांनी पिशवीतून एक ट्यूब काढली. ही ट्यूब त्यांच्या घरात सगळ्यांना लागू पडली होती. थोरल्या जावयाच्या भावालाही दोन दिवसांत गुण आला होता. सुनेलाही त्यांनी ती आधी एकदा, न बघताच, देऊन ठेवली होती, ती संपली म्हणून ही दुसरी.

"नायटा आहे हा, दुसरं काय. उष्णतेने येतो. लावत राहा, जाईल."

तेवढ्यात आत्या चहा घेऊन वर आल्या. कप पुढे करताना हाताची आतली बाजू दिसली.

"अगंबाई," विहीणबाई म्हणाल्या, आणि त्यांनी कप घेतला नाही. "हे कधीपासून? हे गजकर्ण आहे."

"कशावरून?" आत्यांनी विचारलं.

"कशावरून काय? गोल आहे ना. नायटा वेगळा आणि गजकर्ण वेगळं, आत्याबाई. नायटा अंगातल्या अंगात. ज्याचा त्याच्यापुरता. गजकर्ण म्हणजे लागण. याचं त्याला, त्याचं ह्याला. मी रोज बघत होते ना हो."

खोलीत ठमी स्वप्नात असल्यासारखी चुळबुळली, आणि सुनेने तिला पटकन उचलून छातीशी धरलं. आत्यांनी ते पाहिलं. त्यांनी चहाचा कप जमिनीवर ठेवला आणि त्या बाजूला झाल्या. वाद घालावा असं त्यांना वाटलंच नाही, कारण खरं सांगायचं तर त्यांनाही ते पटलं होतं. त्यांच्या लहानपणी घरात कुणाला नायटा झाला तर आई मोठ्याने सांगायची, जाता येता, शेजारणीला सुद्धा. गजकर्ण हा शब्द मात्र एकदाच कानावर आला होता, कुणातरी लांबच्या काकूबद्दल, आणि तो आईने आवाज खाली आणून उच्चारला होता. जो शब्द हळू बोलतात तो रोग मोठा, एवढं शहाणपण त्यांनी तेव्हाच गाठीला बांधलं होतं.

"मग मला पण द्या ती ट्यूब थोडी," त्या म्हणाल्या.

"गजकर्णाला ही नाही चालायची," विहीणबाईंनी टोपण लावलं. "त्याचं सगळंच वेगळं."

त्या दिवसापासून घराचे दोन भाग पडले. वर नायटा, खाली गजकर्ण.

वाईट बातमी आणायचं काम ढब्याकडे लागलं. हा मुलगा वीस मजल्यांच्या पोकळीत दोराला लटकून काम करतो, तिथे घाबरत नाही. पण आत्यांसमोर बोलायचं म्हटलं की दाराच्या कडीशी खेळत उभा राहायचा. त्याचं प्रत्येक वाक्य एकाच ठिकाणाहून सुरू व्हायचं.

"आत्या, तसं काही नाही, पण..."

"पण काय? बोल की."

"तिचं म्हणणं, थोडे दिवस ठमीला घेऊ नये. तुमचं ते बरं होईपर्यंत."

"नाही घेत. मला कळत नाही का?"

दोन दिवसांनी पुन्हा कडीशी खेळ. तसं काही नाही, पण टॉवेल वेगळा ठेवला तर. मग तसं काही नाही, पण वर आलात तर दाराशीच बसलात तर बरं. आत्या दाराशी बसायच्या. लांबून ठमीचा एक पाय दिसायचा, कधी मुठी दिसायच्या. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण दाराशी बसलो की सून सारखी आपल्या हाताकडे बघते, तिचं पोरीला पाजण्यात लक्ष लागत नाही. त्यांनी वर जाणंच सोडलं. तिने सांगितलं नव्हतं, यांनीच सोडलं. एवढा मान माणसाने आपला आपण ठेवावा, असं त्यांना वाटलं.

ढब्याच्या बापाचा एक जुना लांब बाह्यांचा सदरा होता. तो घालून, मनगटाचं बटण लावून त्या कामाला उभ्या राहायला लागल्या. गिऱ्हाइकांनी विचारलं तर सांगायच्या, हात भाजलाय. गजकर्णवाल्या बाईकडे कोण कपडे टाकेल? पण खरं सांगायचं तर दुकानाची त्यांना तेवढी धास्ती नव्हती. वरून पोरीचं रडणं ऐकू यायचं, त्याने जीव खालीवर व्हायचा. भुकेचं रडणं त्यांना लगेच ओळखू यायचं, पोटात दुखल्याचंही. पोटात दुखल्याचं असलं की त्या खालून छताकडे बघत पुटपुटायच्या, "पालथी घाल गं तिला, पोटावर घे." वर कुणाला ऐकू जाणार? तरी म्हणायच्या.

एक गोष्ट मात्र अजून त्यांच्याकडे होती. ठमीचे कपडे. झबली, टोपडी, लंगोट, दुपटी, सगळं धुऊन वाळवून ढब्या एका टोपलीत खाली आणायचा आणि आत्या त्यांना इस्त्री करायच्या. लंगोटांना कुणी इस्त्री करतं का? त्या करायच्या, दोन्ही बाजूंनी, चांगली तापवून. दुकानातलं काम संपल्यावर, टेबल पुसून, वर स्वच्छ चादर टाकून त्या टोपली ओढायच्या. झबल्याची बाही त्यांच्या दोन बोटांएवढी. इस्त्रीचं टोक त्यात शिरायचं नाही, म्हणून आत रुमालाची गुंडाळी घालून बाहेरून फिरवायच्या. दिवसभरात त्या कुणाशी नीट बोलायच्या नाहीत, पण त्या टोपलीशी बोलायच्या. काय गं, आज ओकलीस वाटतं. काय गं, वाढलीस तू, हे झबलं आता तुला पुरायचं नाही.

एका संध्याकाळी टोपली आली नाही. दुसऱ्याही दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी ढब्या आला आणि कडीशी उभा राहिला.

"तसं काही नाही..." त्याने सुरुवात केली, आणि कडी वरखाली करत राहिला.

"कपडे पण नकोत ना माझ्या हातचे?"

"तिच्या आई म्हणाल्या, कपड्यांतून पण..."

"बरं," आत्या म्हणाल्या. "दुपट्याची किनार उलटी दुमडते, ती सरळ करून घाल म्हणावं. गळ्याला काचेल."

ढब्या गेल्यावर त्या मागच्या खोलीत जाऊन बसल्या आणि रडल्या. आवाज न करता, पण चांगलं पोटभर. त्यांना अपमान वाटला म्हणून नाही. पोरीच्या अंगावर आपल्या हातचं काही म्हणजे काहीच उरलं नाही, याचं वाईट वाटलं. रागही आला, आणि राग कुणावर काढावा ते न कळल्यामुळे त्यांनी तो त्या चट्ट्यावर काढला. नखांनी खरवडून लाल केला. मग स्वतःलाच दोन शिव्या दिल्या आणि हात धुऊन टाकला.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. सकाळची वेळ होती, ढब्या कामावर गेला होता. आत्या एका शाळेचे गणवेश घेऊन बसल्या होत्या, म्हणजे उभ्या होत्या. जिन्यावर चपला वाजल्या आणि सून ठमीला घेऊन दुकानात आली. पोर खाली आली ती पहिल्यांदाच. आत्यांनी आधी इस्त्री उभी केली आणि सवयीने दोन पावलं मागे सरकल्या.

सुनेचा चेहरा उतरला होता. तिने दुपटं बाजूला केलं आणि ठमीची मांडी दाखवली. गोऱ्या, वळ्या पडलेल्या मांडीवर एक छोटासा गोल. कडा लाल. बांगडीचा नाही, अंगठीचा म्हणावा एवढा.

"आत्या, खरं सांगा. तुम्ही हिला घेतलंत?"

"नाही."

"मी अंघोळीला गेले असेन, यांनी तुमच्याकडे दिली असेल. मी रागावणार नाही. फक्त सांगा."

आत्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. पण ठमीने मान वळवली आणि त्यांच्याकडे, त्यांच्या मागच्या गणवेशांच्या चळतीकडे, टक लावून पाहिलं, आणि त्यांचा आवाज आपोआप खाली आला.

"हे बघ, हिला हात लावायचा असता ना, तर तुझ्यासमोर लावला असता. भांडून लावला असता. चोरून नसता लावला. वर येणं सोडलं, कपडेही बंद झाले, आता सांग मी हिला कुठून लागण देणार? छतातून?"

सून खोटं बोलणाऱ्याला ओळखते. डोळे तपासायचं कामच आहे तिचं, अक्षर न दिसताही दिसतंय म्हणणारे रोज भेटतात. समोरची बाई खरं बोलतेय हे तिला दिसलं. "मग कुठून?" ती स्वतःशीच म्हणाली. आणि हे म्हणताना तिचा मोकळा हात नकळत कमरेवर गेला आणि खाजवायला लागला.

आत्यांनी तो हात पाहिला. एक शब्द अगदी जिभेच्या टोकावर आला. त्यांनी तो बोलून दाखवला नाही. आधीच कोमेजलेल्या बाळंतिणीला असलं काही ऐकवायचं नसतं, निदान दुकानात उभं राहून नसतं. त्यांनी इस्त्रीची पिन काढली.

"चल. कातडीच्या डॉक्टरकडे जाऊ. आईला फोन नंतर कर."

दवाखाना चालत जाण्याच्या अंतरावर होता. सून ठमीला घेऊन पुढे, आत्या दुपट्यांची पिशवी घेऊन मागे. अर्ध्या वाटेत सुनेचे हात भरून आले. तिने या खांद्यावरून त्या खांद्यावर केलं, पुन्हा इकडे केलं. आत्या पिशवी धरून चालत राहिल्या. एरवी त्यांनी केव्हाच हात पुढे केले असते.

डॉक्टरीणबाई सुनेच्याच वयाच्या होत्या, केस आखूड, बोलणं शांत. त्यांनी ठमीची मांडी भिंगातून पाहिली, तिला हसवलं, आणि विचारलं, "घरात आणखी कुणाला आहे?"

"आत्यांना आहे," सून म्हणाली. "गजकर्ण."

आत्यांनी मनगटाचं बटण काढून बाही वर केली.

"काही लावलंत यावर?"

"काही नाही. मागितलं होतं, पण मिळालं नाही."

"फार बरं झालं. त्यामुळे अगदी स्पष्ट दिसतंय." त्या सुनेकडे वळल्या. "आणि तुम्हाला?"

"मला तसं काही नाही. नुसता नायटा आहे कमरेला."

डॉक्टरीणबाई लिहीत होत्या, त्या थांबल्या. "नुसता?"

"म्हणजे गजकर्ण नाही. नायटा."

हसू आलं असणार बाईंना, पण त्या हसल्या नाहीत, ही त्यांची मोठीच कृपा. त्या म्हणाल्या, "अहो, एकच आहे ते. एका घरात नायटा म्हणतात, दुसऱ्या घरात गजकर्ण. कातडीवरची बुरशी, बाकी काही नाही. इसब म्हणालात तर गोष्ट वेगळी, तो लागत नाही. पण या दोघांत काही फरक नाही. कमरेला काय लावता?"

सुनेने ट्यूबचं नाव सांगितलं. नाव ऐकून डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

"त्यात इसबाचं औषध असतं. त्याने लाली जाते, खाज थांबते, आपल्याला वाटतं बरं झालं. बुरशी मरत नाही. उलट आत निवांत पसरते. गोल कडाही राहत नाही मग, म्हणून ओळखू येत नाही. कधीपासून आहे तुमचं?"

"बाळंतपणाच्या आधीपासून."

"आणि यांचं?"

"नंतर," सून म्हणाली. तिचा आवाज जरा बारीक झाला होता.

"दोघींचं अंगाला अंग लागेल असं काही होतं का? टॉवेल, अंथरूण?"

आत्यांना उत्तर आठवलं होतं. पण ते त्यांच्या तोंडून जायला नको होतं. सून ठमीला मांडीवर घेऊन बसली होती. तिने आत्यांच्या उघड्या हाताकडे पाहिलं, कोपराच्या खालच्या त्या गोलाकडे, आणि बराच वेळ बघत राहिली.

"माझी कंबर दुखायची," ती म्हणाली. "नवव्या महिन्यात. आत्या रोज चोळून द्यायच्या. अशा." आणि तिने आपला हात हवेत आडवा धरून, कोपरापासून मनगटापर्यंत, फिरवून दाखवला. हात तसाच हवेत राहिला. मग तिने तो खाली घेतला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हणजे माझ्यामुळे झालं ते. आणि मी यांनाच..."

तिला काय होतंय ते आत्यांना बरोबर कळलं. पश्चात्ताप होता, होताच, पण त्याच्या खाली भीती होती. लागण असलेल्या बाईने पोरीला घ्यायचं नाही, हा नियम सुनेने स्वतः केला होता, आणि आता तोच तिच्या अंगावर आला होता. तिने ठमीला घट्ट धरलं होतं आणि त्याच वेळी अंगापासून थोडं दूर धरलं होतं. असं कुणी धरतं का लेकराला?

"डॉक्टर," आत्या म्हणाल्या, "हिने पोरीला दूध पाजायला काही हरकत नाही ना?"

"पाजू द्या की. हरकत कसली? मलम नेमाने लावायचं, चट्टा झाकलेला ठेवायचा, हात धुवायचे. कपडे गरम पाण्यात धुवा, इस्त्री करा. आणि मधेच सोडायचं नाही, दिसेनासं झालं तरी सांगेन तोवर लावायचं. बाळाला घ्यायला कुणालाच बंदी नाही."

सुनेने पोरीला जवळ ओढलं. आत्यांनी बाही खाली केली, पण बटण लावता लावता त्या थांबल्या.

"कुणालाच?"

"कुणालाच."

"म्हणजे," आत्यांनी सावकाश विचारलं, "हे उठलं तेव्हाच आले असते आणि औषध घेतलं असतं, तर बाही अशी खाली ओढून मला तेव्हापासून घेता आलं असतं हिला?"

"खुशाल घेता आलं असतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आपण काय बोललो ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं, काचेची एक पट्टी काढली आणि सुनेला म्हणाल्या, "तुम्ही आत या. कमरेवरचा थोडा पापुद्रा खरवडून बघते. दुखत नाही. बाळाला द्या कुणाकडे तरी."

सून उठली. खोलीत कुणाकडे तरी म्हणण्यासारखं एकच माणूस होतं.

"आत्या," ती म्हणाली. "घेता ना?"

"थांब."

आत्या कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेल्या. साबण घेऊन त्यांनी दोन्ही हात धुतले, बोटांच्या बेचक्यांतून, नखांतून, मनगटाच्या वरपर्यंत. कागदी रुमालाने कोरडे केले. बाही नीट ओढली, भावाच्या सदऱ्याचं बटण लावलं, वर एकदा चापून घेतलं. सून आणि डॉक्टरीणबाई दोघी थांबून राहिल्या होत्या. मग त्या आल्या आणि त्यांनी हात पुढे केले.

सुनेने ठमीला त्यांच्या हातांवर ठेवलं आणि हात काढून घेतला, तशा आत्या एकदम खाली वाकल्या. जिन्यावरच्या त्या गाठोड्याच्या हिशेबानेच त्यांनी हात धरले होते. त्यांनी दुसरा हात खालून घातला, पोरीला सावरून छातीशी घेतलं. ठमीने त्यांच्या सदऱ्याचं बटण मुठीत पकडलं.

"अगं, केवढी जड झाली ही," आत्या म्हणाल्या. त्यांचे डोळे वाहायला लागले आणि पुसायला हात मोकळा नव्हता. "एवढी जड झाली, आणि मला कुणी सांगितलंसुद्धा नाही."